आप्पांनी हात ठेवलेली तलवार

तलवारीचा नाद असलेली माणसं एका जागी बसली की बघणाऱ्याला वाटावं, सोयरिकीची बोलणी चालली आहेत. इतकं हळू बोलणं, इतका मान, इतका चहा. आत मात्र प्रत्येकाचा जीव समोरच्याच्या तलवारीत अडकलेला. दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी अशा मंडळींत काढली आणि त्या सभ्यपणाचा मला जो वीट आला, तो अजून गेलेला नाही.

मी तेव्हा कारेगावजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होतो, राहायला शिरूरला. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढायची आणि भांडगावला आप्पांकडे जायचं. आप्पा म्हणजे आमच्या मंडळाचे कुणीही न निवडलेले अध्यक्ष. जमीन भरपूर, पूर्वी गावचे सरपंच. आता शेती मुलं बघत होती आणि हे तलवारी बघत होते. शिरूर-दौंड भागातले आम्ही सात-आठ नादिष्ट त्यांच्या पडवीत जमायचो.

मध्ये घोंगडी अंथरलेली असे आणि तिच्यावर कुणीतरी विकायला आणलेली तलवार. जो मूठ धरेल त्याचा तिच्यावर 'हात' आला. तो ती खाली ठेवेपर्यंत दुसऱ्याने किमतीबद्दल एक शब्द काढायचा नाही, तोंडाला कितीही पाणी सुटलं तरी. पात्याला बोट लावायचं नाही, कारण घामाने गंज चढतो. कुठून मिळाली हे विचारणं म्हणजे तर लग्नात नवरीचं वय विचारण्यासारखं. आणि एखाद्या थोरल्या माणसाने मूठ धरून, मग ती फिरवून तुमच्याकडे केली, की ती तलवार तुमची. बाकीच्यांनी माना डोलवायच्या आणि चहाकडे वळायचं. आप्पा हे करताना अवाक्षर बोलत नसत. मूठ आपली गुपचूप फिरायची आणि विषय संपायचा. सुरुवातीला मला हे फार आवडायचं.

मग इंटरनेटवरचे लिलाव आले आणि आमच्या या सगळ्या रीतीभातींची तारांबळ उडाली. तिथे घोंगडी नाही, मूठ नाही, समोरच्याचा चेहरा नाही. नाव म्हणून काहीतरी इंग्रजी अक्षरं आणि आकडे. मंडळातल्या एका माणसाने, दौंडला रेल्वेत होते ते, एका रुंद पात्याच्या तलवारीवर आठवडाभर नजर ठेवली आणि लिलाव संपता संपता ती भलत्याच कुणीतरी उचलली. पुढच्या बैठकीला शिरूरचे डॉक्टर तीच तलवार घेऊन हजर. हसत हसत म्हणाले, "अहो, ते तुम्ही होतात होय? मला कसं कळणार?" त्या दिवशी डॉक्टरांना चहा मिळाला, पण साखर कुणी विचारली नाही. डॉक्टर गडी हुशार होते, त्यांना सगळं समजलं आणि त्यांनी काहीही मनावर घेतलं नाही.

यावर आप्पांनी तोड काढली. ज्याला साइटवरची एखादी तलवार हवी असेल त्याने आप्पांना फोन करायचा आणि "हात ठेवलाय" म्हणायचं. आप्पा बाकीच्यांना कळवणार. मग मंडळातल्या कुणी त्या तलवारीला बोली लावायची नाही. डॉक्टरांनीही मान डोलवली. दिलेल्या शब्दाला ते बांधलेले असत, एवढं त्यांच्याबद्दल म्हणावं लागेल. हात ठेवलेला माणूस स्वतःहून "हात काढला" म्हणेपर्यंत बंधन सगळ्यांवर. हात काढा असं दुसऱ्याने म्हणायचं नाही, आणि थोरल्या माणसाला तर नाहीच नाही.

आता माझ्या तलवारीकडे येतो. आम्ही मूळचे खुटबावचे. आजोबांच्या काळापर्यंत मेंढरं होती, पुढे विहीर झाली, पाट आला आणि आम्ही बागायतदार झालो. घरात एक तलवार होती. दिसायला काही खास नव्हती, पण तिच्या मुठीच्या टोकाची लोखंडी चकती कधीतरी तुटली होती आणि लोहाराने तिथे मेंढ्याच्या गळ्यातल्या घंटेचं पितळ ठोकून बसवलं होतं. काळ्या मुठीला पिवळं टोक. चकतीच्या कडेला घंटेवरची वेलबुट्टी अर्धवट शिल्लक होती. मी लहान असताना माझ्या चुलतीने ही तलवार भांडीवाल्याला दिली आणि त्याबदल्यात स्टीलचं पिंप घेतलं. तिचंही फारसं चुकलं नाही. तलवार माळ्यावर पडून होती आणि पिंप रोज लागत होतं. पण माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, दर खंडेनवमीला लोकर कातरायची कातर आणि विळा पुजायला मांडताना त्या पिंपाकडे एकदा तरी रागाने बघायचे.

ही तलवार मला साइटवर दिसली. सायबर कॅफेत बसलो होतो, फोटो वरून खाली एकेक पट्टी उमटत होता, आणि शेवटच्या पट्टीत ते पिवळं टोक आलं. विकणारा राजस्थानातला कुणी व्यापारी. लगेच आप्पांना फोन लावावा असं वाटलं. पण नोकरीच क्वालिटीतली. खात्री केल्याशिवाय शिक्का मारायचा नाही ही सवय. फोटोची छापील प्रत काढली आणि रविवारी खुटबावला नेली. आबांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला, वेलबुट्टीवरून अंगठा फिरवला.

"हीच हाय," ते म्हणाले. "घंटा आमच्या थोरल्या मेंढ्याची. कवा आणतूस?"

कवा आणतूस! जणू ती केडगावच्या बाजारातून आणायची होती. पण त्यांचा आवाज असा काही झाला होता की मी म्हणालो, आणतोच. ऐंशीच्या घरातला माणूस, येत्या खंडेनवमीला ती समोर मांडलेली त्यांनी बघायला हवी, बाकी मला काही नको होतं.

तिथूनच आप्पांना फोन लावला. हात ठेवलाय म्हणायला तोंड उघडलं, तोवर तेच बोलले, "बरं झालं फोन केलास. त्या पितळी टोकाच्या तलवारीवर म्या हात ठिवलाय. समद्यास्नी कळवलंय." आणि ठेवला फोन. आप्पा फोनवर तारेसारखे बोलत, शब्दाला पैसे पडत असल्यासारखे.

मी तिथेच ओट्यावर बसलो. तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला चुलतीची, पिंपाची आणि त्या पितळी टोकाची गोष्ट मीच सांगितली होती, त्यांच्याच पडवीत, आणि ते पोट धरून हसले होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून हात ठेवला. घरी तलवारी मांडायला भिंत पुरत नाही आणि माझ्या बापाची एक तलवार यांना सोडवत नाही!

पुढचा आठवडा मी काय अवस्थेत काढला ते माझ्या बायकोला विचारावं. ती म्हणाली, "सरळ सांगा ना त्यांना." सरळ! थोरल्या माणसाला हात काढा म्हणायचं? तेही आपल्यासाठी? दहा वेळा फोन उचलला आणि ठेवला. दुसरी वाट म्हणजे नाव बदलून बोली लावायची, डॉक्टरांसारखं हसून मोकळं व्हायचं. पण त्या प्रकरणानंतर डॉक्टरांना त्यांच्यामागे नावं ठेवण्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. आता मीच तसं वागलो असतो तर भांडगावच्या रस्त्याने जायला तोंड राहिलं नसतं. मी वाट बघत होतो की आप्पांनाच लाज वाटेल. ती काही वाटली नाही.

लिलाव संपायचा होता तो रविवारी दुपारी. वीज जायची वेळ तीच, म्हणून इन्व्हर्टर असलेला कॅफे शोधून ठेवला होता. कशासाठी शोधला, देव जाणे. बोली लावायची नव्हती, नुसतं बघायचं होतं. आपल्या घरातली वस्तू आपल्या डोळ्यांसमोर आप्पांच्या घरी जाताना बघायची होती. पान उघडून बसलो. कुणाचीही बोली नव्हती. शेवटची दहा मिनिटं राहिली तरी नव्हती. म्हटलं, आप्पा पक्के आहेत, शेवटी बोली मारतील.

आणि एक बोली आली. नाव अनोळखी. आप्पांचं साइटवरचं नाव मला माहीत होतं, त्यांच्या सुनेने आपल्या भाच्याच्या नावावरून काढून दिलं होतं. हे ते नव्हतं. मंडळातल्या कुणाचंच नव्हतं. मी आप्पांच्या वरचढ बोलीची वाट बघू लागलो. येईना. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की आप्पा झोपले असतील, आजारी असतील, त्यांच्याकडची वीज गेली असेल. ते लावणार नसतील तर मी लावू का, एवढंच विचारायचं होतं. मोबाइल काढला, फोन लावला. फोनमधली ती बाई सांगू लागली, आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती अन्य कॉलवर व्यस्त आहे. पुन्हा लावला. व्यस्त. पुन्हा. लिलाव चालू आहे आणि हा म्हातारा कुणाशी गप्पा मारतोय! न विचारता बोली लावायला माझा हात माउसवर गेलाही होता. गेला आणि तिथेच राहिला. पान ताजं केलं तेव्हा लिलाव संपलेला होता.

तलवार त्या अनोळखी माणसाला पहिल्याच बोलीवर गेली.

कॅफेतून निघालो तो थेट भांडगावला. न्हावऱ्याच्या रस्त्याने गाडी कशी चालवली ते आठवत नाही. आप्पा पडवीत बसले होते, आणि माझ्याआधी तेच ओरडले.

"काय रं, झोपला व्हतास काय? फोन करून करून बोटं दुखली माझी! सारखा बिझी! कुणाशी बोलत व्हतास?"

"तुमच्याशी! तुम्हालाच लावत होतो! तुम्ही बोली का नाही लावली?"

"म्या?" आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला वेड लागलंय. "म्या कशाला लावू? तलवार तुझी."

मग सगळं बाहेर आलं. डॉक्टरांना त्या पितळी टोकाचा वास लागला होता. ते हात ठेवायला फोन करणार हे आप्पांना कुठूनतरी कळलं, आणि डॉक्टरांनी एकदा मनात घेतलं तर पैशाच्या जोरावर माझा निभाव लागला नसता. म्हणून आप्पांनी त्यांच्याआधी आपला हात ठेवला. माझ्यासाठी. सगळं मंडळ बाजूला केलं आणि मैदान मला मोकळं करून दिलं. सून संगणकापुढे बसून सारखी सांगत होती, अजून कुणी बोली लावली नाही, आणि हे तिला सांगत होते, दम धर, त्यो लावंल.

"मग मला सांगायचं ना, आप्पा! एक शब्द!"

"सांगायचं काय त्यात? ज्याची वस्तू त्याला सांगायचं, ही तुझी हाय म्हणून? एवढी वरसं बसतूस हितं, तुला एवढं कळू ने?"

"इथे तुम्ही मूठ फिरवता! ती दिसते!"

"आन् ती फिरवायला तलवार व्हती का माझ्या हातात?" ते म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज खाली आला. सून चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

मी मात्र थांबलो नाही. जे बोलू नये ते बोललो. तुमचा मान, तुमचे हात, तुमच्या मुठी, या सगळ्याच्या पायी माझ्या बापाची तलवार गेली म्हणालो. चोर परवडला, तो निदान उघड नेतो, असंही म्हणालो. आप्पा खाली बघत होते. चहा न घेता निघालो.

त्या खरेदीदाराला साइटवरून निरोप पाठवले, एकाचंही उत्तर आलं नाही.

आबांना सांगणं भाग होतं. खुटबावला गेलो. ते कांद्याच्या वाफ्याशी उभे होते. सगळं सांगितलं, आप्पांच्या फोनपासून कॅफेपर्यंत. मनाची तयारी करून गेलो होतो. मला वाटत होतं ते म्हणतील, इतकी वरसं शिकलास आन् एक बटन दाबता आलं न्हाई. म्हणायलाच हवं होतं. मला ते ऐकायचंच होतं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आप्पांनी हात ठिवला व्हता न्हवं?"

"हो."

"मग तू बोली कशी लावणार? थोरल्या मान्साच्या हातावर हात घालायचा असतुया व्हय? बरूबर केलंस."

"आबा, ती आपली तलवार होती."

"व्हती की. मला का ठावं न्हाई?" त्यांनी वाफ्यातलं पाणी पायाने वळवलं. आणि मग जरा दचकून विचारलं, "आप्पांस्नी काय वाकडं न्हाई न्हवं बोललास?"

खोटं बोलवेना. "बोललो," म्हणालो. चोर म्हणालो तेही सांगितलं.

तेव्हा मात्र आबा चिडले. तलवार गेल्याचं ऐकून जो राग यायला हवा होता तो सगळा आत्ता आला. ते ओरडले, त्या मान्सानं तुझ्यासाठी समद्यास्नी आडवलं, आन् तू त्याच्या दारात जाऊन त्याला चोर म्हणालास? हेच शिकवलं का म्या तुला? पाणी वाफा फोडून बाहेर चाललं होतं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "आत्ताच्या आत्ता भांडगावला जा आन् पाया पड त्यांच्या. तवर माझ्याशी बोलू नगंस."

मी गेलो. पाया पडलो. आप्पांनी पाठीवर हात ठेवला. पुढच्या खंडेनवमीला आबांनी कातर आणि विळा मांडला, आणि ते माझ्यावर खूश होते. त्या पाया पडण्याचा मला अजून राग येतो.