डावा आरसा

बाबांच्या जुन्या मोटरसायकलचे आरसे म्हणजे नुसता ताप होता. गाडी सुरू झाली की तेही थरथरायचे. डावा तर कायम आत वळलेला, मागे बसलेल्या आईच्या तोंडाकडे. मी कितीदा सरळ केला, दुसऱ्या दिवशी परत तसाच. या वयात हे काय चाळे, असं मला वाटायचं.

सातपूरला मशिनींच्या खडखडाटात उभी हयात काढल्यामुळे बाबांना कमी ऐकू यायचं. किती कमी, ते मात्र कळू देत नसत. दर रविवारी दोघं ओझरला मावशीकडे जायचे. एकदा आग्रा रोडवर कांद्याचा ट्रक मागून हॉर्न देत राहिला आणि बाबा बाजूला झालेच नाहीत. आई पांढरीफटक होऊन घरी आली. मी बजावलं, चांगले आरसे लावा, नाहीतर गाडी विकून टाका.

आरसे मीच शोधले. द्वारका चौकापासून गंजमाळपर्यंत दुकानं पालथी घातली. एकाची दांडी बसेना, एकात ट्रक सायकलएवढा दिसे. शेवटी एका भंगारवाल्याकडे दुसऱ्याच गाडीचे, जाड दांडीचे मिळाले. ढिम्म हलायचे नाहीत. डावा मी रस्त्याकडे वळवून पान्याने असा आवळला, की बाबांची बोटं हरावीत. वर आठवडाभर मिरवले.

दोन रविवार गेले. तिसऱ्याला आई म्हणाली, मी बसने जाते.

"'अहो, ऐकलंत का' करून घसा सुकतो माझा. हूं की चूं नाही. कंटाळलेत मला."

मला असा राग आला! अंगणात गाडी पुसत असलेल्या बाबांसमोर जाऊन उभी राहिले आणि जाब विचारला. त्यांनी फडकं पिळून हँडलवर टाकलं.

"मला ती ऐकू येत नाही गं. किती वर्षं झाली, मी तिचं बोलणं आरशात बघतो. ट्रक काय, उजव्यातही दिसतात."

माझीच मला लाज वाटली. मी पाना आणून डावा सैल केला. आई दारातच होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती गुपचूप येऊन स्टँडवरच्या गाडीवर एका अंगाने बसली, पुढे बाबा बसले. बाबांना तिचा चेहरा पुरता दिसेपर्यंत मी आरसा फिरवला. या आरशात ती थरथरणारही नव्हती.

आईने नुसते ओठ हलवले. अहो, ऐकलंत का.

"ऐकतोय," बाबा म्हणाले.