काट मारलेला पत्रा

चित्राचे ठरलेले छाप कागदावर काढून झाले की दिनकर खिळा घ्यायचा आणि त्याच्या काळ्या शाईच्या पत्र्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत काट मारायचा. स्वतः महिनाभर खपून कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावर! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलोच.

"आणखी छाप निघणार नाहीत असं गिऱ्हाइकाला सांगितलंय ना," तो म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द, यार."

आम्ही दोघं एकाच कचेरीत कारकून. रविवारी अंधेरीच्या त्याच्या खोलीत मी त्याचा बिनपगारी हमाल. एका चित्राला चार पत्रे: पिवळा, तांबडा, निळा आणि शेवटी रेषांचा काळा. खाचांत शाई भरायची, वरची पुसायची, ओला कागद ठेवून पत्रा छापयंत्राच्या रुळांखालून काढायचा. कागदाची एक कड रुळांत अडकलेलीच ठेवायची. मोकळं टोक मी उचलून धरायचं, त्याने खालचा पत्रा बदलायचा. कागद केसभर हलला, नाहीतर मध्येच वाळून आकसला, की रंगावर रंग बसत नसे. तेवढा वेळ दिनकर मला शिंकूही द्यायचा नाही.

आणे जाऊन नवे पैसे आले त्या वर्षी खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या जानकीबाई दारात उभ्या राहिल्या. जाळं खांद्यावर घेतलेला त्यांचा मुलगा दिनकरने किनाऱ्यावर बसून थेट तांब्याच्या पत्र्यावर काढला होता. सगळे छाप एका परदेशी गिऱ्हाइकाने नेले होते. आता तो मुलगा होडीसकट बुडाला होता आणि घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

"माज्या पोराचं चित्र दे, बाला."

दिनकर पांढराफटक पडला. काळ्या पत्र्यावरची काट नेमकी पोराच्या तोंडावरून गेली होती.

"तसाच काढ ना," मी कुजबुजलो.

"काट मारलेलं तोंड आईच्या हातात देऊ?"

"आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द?" मी विचारलं.

"खड्ड्यात गेला शब्द. कागद भिजव."

काळा वगळून त्याने तीनच पत्रे घेतले. पिवळा उतरला. तांबडा उतरला. जानकीबाई पापणी न हलवता बघत होत्या. निळा उतरला तेव्हा कागद जेमतेम ओला होता. तांबडी टोपी आली, निळं जाळं आलं. तोंडाच्या जागी नुसता तांबूस डाग.

बाईंनी कागद दोन्ही हातांनी धरला.

"डोलं नाय रे याला."

"माझ्याच हातून गेले, आई," दिनकर म्हणाला.

त्यांनी कागद उजेडाकडे धरला. मग म्हणाल्या, "उभा तसाच हाय. डोलं ऱ्हाऊ दे. ते हायत माज्या ध्यानात."

त्या गेल्यावर दिनकर यंत्राला टेकून बसला आणि हमसून हमसून रडला. त्या दिवसाइतका तो मला कधीच आवडला नव्हता.