उभ्याने खवायचा आडाळो

माझा नवरा एका कंपनीच्या इनोव्हेशन विभागात आहे. ऑफिस परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. जगाचे प्रश्न सोडवणं हे त्याचं काम, म्हणून घरचा एक प्रश्न त्याने आपणहून अंगावर घेतला.

प्रश्न सासूबाईंचा होता. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांना जमिनीवर बसायची बंदी केली आणि त्यांचा आडाळो, म्हणजे नारळ खवायचं दातेरी पातं असलेली मालवणी विळी, ओट्याखाली पडून राहिला. बाजारातलं हँडल फिरवायचं यंत्र आणलं, तर खोबऱ्यात करवंटीचा भुसा येतो म्हणून त्यांनी ते कुणालातरी देऊन टाकलं. माझं खवलेलं त्यांना जाड लागतं. खोबऱ्याच्या वाटणातली बांगड्याची कढी मी करायची आणि त्यांनी स्टुलावर बसून बघायचं, असं सुरू झालं. आधी त्या चिडचिड करायच्या, मग गप्प झाल्या. त्या गप्प झाल्यावर मात्र मला भीती वाटली.

"आई, तुझा आडाळो ओट्यालाच बसवतो. उभ्याने खव," नवरा म्हणाला. एक फळी, दोन क्लॅम्प. रविवारी होऊन जाईल.

रविवारी त्याने टेप लावून ओटा मोजला. माप टिपायला फोन घेतला. फोन हातात आलाच आहे तर क्लॅम्प कसा लावतात ते बघू, म्हणून एक व्हिडिओ लावला. दुपारी मी डोकावले, तर जंगलात दोन माणसं नुसत्या हातांनी पोहण्याचा तलाव खणत होती आणि हा डोळे विस्फारून बघत होता. "आयडिया मिळतात गं," म्हणाला. आम्ही लालबागला टॉवरमध्ये राहतो. तलावाची आयडिया मी नम्रपणे नाकारली.

मग त्याने रोग ओळखला: आपलं लक्ष विचलित होतं. त्यावर उपाय म्हणून एकाग्रतेवरचे व्हिडिओ सुरू झाले. फोन बंद ठेवणारं ॲप आलं. आपण किती वेळ फोन बघितला नाही, हे बघायला तो सारखा फोन उघडायचा. शेवटी मला म्हणाला, लपवून ठेव. मी लपवला. अख्खी सकाळ त्याने तो शोधण्यात घालवली, आणि एवढी एकाग्रता मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली.

आमच्या टॉवरच्या जागी पूर्वी चाळ होती. दिवसा भिंतीला उचलून लावायचा पलंग, दोरी ओढली की माळ्यावरून खाली येणारी टोपली, असलं काही ना काही खोल्याखोल्यांतून कुणीतरी करून ठेवलेलं असे. ती माणसं फार हुशार होती असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी त्यांना कंटाळा यायचा, एवढंच. आता कंटाळा यायची सोयच उरलेली नाही. नवऱ्याच्या विभागात तर म्हणे, नवं काही का सुचत नाही यावर मीटिंग असते. सगळे हजर असतात, आपापल्या फोनमध्ये.

एका रविवारी मात्र त्याला खरंच सुचलं. "आई, आडाळ्यावर बसतेस? रील करू. असलं जुनं लोकांना फार आवडतं."

"अरे, डॉक्टरांनी काय सांगितलंय?" मी म्हटलं.

"एकच मिनिट गं."

सासूबाई माझ्याकडे न बघता खाली बसल्या. मुलाने सांगितलं म्हणून, आणि आडाळ्यावर बसायला मिळतंय म्हणूनही. खोबरं पिठासारखं बारीक, पांढरंशुभ्र पडत होतं. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी किती महिन्यांत पाहिला नव्हता.

शूटिंग संपलं आणि त्यांना उठता येईना. मी काखेत हात घालून त्यांना उचललं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नवरा शेजारीच उभा होता, कॅप्शन लिहीत. माझे दोन्ही हात अडकलेले होते म्हणून तो वाचला.

संध्याकाळी तो फोन घेऊन त्यांच्या खाटेशी आला. "आई, बघ, हजारो लोकांनी बघितलं! सगळे म्हणतायत, आजी ग्रेट!"

सासूबाईंनी गुडघ्यावरची शेकायची पिशवी बाजूला केली, चष्मा लावला आणि फोनकडे नीट बघितलं.

"हजारो?" त्या म्हणाल्या. "मगे इचार त्येंका, झिला. एकटो तरी येवन ह्यो आडाळो माझ्या वट्यार बसवन देतलो काय?"