त्सोनाचा चेहरा

लोझान स्तोयकोव वयाच्या शहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा आमच्या वाचनालयात आला, आणि तोही पुस्तकासाठी नाही, झेरॉक्स काढायला.

इमारत त्याला नवी नव्हती. खालच्या सभागृहात त्याचं लग्न लागलं होतं, शेती संघाच्या सभांना तो तिथंच मागच्या बाकावर झोपला होता, आणि शेजारच्या गुत्त्यात तर त्याची पन्नास वर्षं गेली होती. फक्त वरच्या मजल्याचा जिना तो कधी चढला नव्हता. वर मास्तर लोक जातात, असं त्याचं म्हणणं. मास्तर लोक केव्हाच गेले होते. शाळा बंद पडली, पोरं राजधानीला, सोफियाला गेली, तिथून स्पेनला गेली, आणि हिवाळ्यात आमच्या दोल्नी ब्रेस्त गावात त्रेचाळीस माणसं उरली. तेव्हा कुठं सरकारला जाग आली आणि आम्हाला तीन संगणक, एक प्रोजेक्टर आणि एक झेरॉक्स मशीन मिळालं. बैल गेला नि झोपा केला. मी देतेलिना, या वाचनालयाची बाई. पगार अर्धा आणि काम पूर्ण: पुस्तकं द्यायची, स्टोव्ह पेटवायचा, फरशी पुसायची, आणि कुणी फिरकलंच नाही तर स्वतःशी भांडायचं.

लोझानच्या हातात बायकोच्या स्मरणाचा कागद होता. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो आणि चार ओळी छापून फाटकावर, विजेच्या खांबांवर, बस थांब्यावर चिकटवतात. चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी, मग दर वर्षी. गावात आता जिवंत माणसांपेक्षा हे कागदच जास्त भेटतात. त्सोनाला जाऊन सतरा वर्षं झाली होती आणि लोझाननं एकही वर्ष चुकवलं नव्हतं. दर वर्षी गेल्या वर्षीच्या कागदावरून झेरॉक्स. असं करत करत चौकटीत फक्त एक काळा डाग उरला होता, वर डोक्याच्या रुमालाची कड तेवढी दिसत होती.

"काका, यात चेहरा नाहीये," मी म्हटलं. "दुसरा फोटो आणा."

"दुसरा कुठला आणू? ओळखपत्रावरचा होता, तो छापखान्यात दिला. छापखाना बुडाला, फोटो त्याच्यासकट गेला. लग्नाचा होता, तो एक जण घेऊन गेला, मोठा करून रंग भरून आणतो म्हणून. अजून रंग भरतोय."

"आणि थडग्यावर?"

"चिनीमातीच्या पाटीवर छापलेला होता. थंडीनं मधोमध तडकला." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "पोरी, तुला खरं सांगू का? तिचे हात आठवतात, आवाज आठवतो, ओरडायची कशी ते तर चांगलंच आठवतं. चेहरा गेला. डोळे मिटले की हाच डाग दिसतो."

मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते, पण मला पोरी म्हणणारं गावात कुणीतरी होतं याचं बरं वाटलं. मशीन तापायला दहा मिनिटं लागायची. त्या दहा मिनिटांत तो कपाटांपुढून फिरला आणि त्याला नकाशांचं मोठं पुस्तक सापडलं. तरुणपणी तीन वर्षं तो रशियाच्या उत्तरेला, कोमीच्या जंगलात लाकूडतोडीला गेला होता. ते ठिकाण त्यानं बोटानं शोधून काढलं.

"ही नदी बघ. आमच्या झोपड्यांपासून एवढ्याशा अंतरावर. मी तीन वर्षं तिथं होतो आणि इथं नदी आहे हे मला आत्ता कळतंय."

ते पुस्तक तो काखेत मारून घरी घेऊन गेला. सोमवारी परत आला, बुधवारी आला, शुक्रवारीही. वाचनालय तेवढेच तीन दिवस उघडं असायचं. मधमाश्यांवरचं पुस्तक वाचून लेखकाला माश्यांतलं काही कळत नाही असा निकाल त्यानं दिला. मग समुद्रावरची कादंबरी घेतली. ओठ हलवत, ओळीखाली बोट धरून वाचायचा, दिवसाला चार पानं. कॅसेटवरची नभोनाट्यं ऐकताना कानाला हेडफोन लावून पात्रांना मोठ्यानं उत्तरं द्यायचा. "अगं त्याचं ऐकू नकोस, तो खोटं बोलतोय," असं एकदा त्यानं एवढ्या जोरात सांगितलं की माझ्या हातातलं लाकूड स्टोव्हबाहेर पडलं.

मला आनंद व्हायला हवा होता. तेवीस वर्षांच्या नोकरीत असा वाचक मला मिळाला नव्हता. पण त्याचं दिवसाला चार पानं वाचणं बघून मी मनातल्या मनात हिशेब करायचे की कपाटात साडेसहा हजार पुस्तकं आहेत. त्यानंही केला असावा. एकदा पुस्तक मिटून म्हणाला, "हे सगळं इथंच होतं, आणि मी खाली बसून पीत होतो. कुणी सांगितलं का नाही मला?"

"पाटी होती की बाहेर."

"पाटी काय, गुत्त्यालाही होती."

नोव्हेंबरात मी त्याला संगणकावर एक जुना विनोदी सिनेमा लावून दिला, खेड्यातल्या न्हाव्याचा. तो हसला नाही. शेवटपर्यंत पुढे वाकून बघत राहिला आणि मग विचारलं, "ही सगळी मेलीत ना?"

"बहुतेक."

"आणि चेहरे कसे लख्ख आहेत." तो माझ्याकडे वळला. "देतेलिना, आमच्या गावात सिनेमा काढला होता. एकोणसत्तर सालच्या उन्हाळ्यात. मी कोमीत होतो. चौकात सगळ्या गावाला हात धरून नाचवलं होतं. त्सोना होती त्यात."

"तुम्ही नाही बघितला?"

"मी परत येईपर्यंत येऊन गेला होता. तिला विचारलं, तर म्हणाली, काही विशेष नव्हतं." त्यानं पडद्यावर बोट टेकवलं. "यातून चेहरा छापता येतो का? कागदावर?"

"येतो."

हे मी बोलून गेले. मला काय माहीत होतं?

त्या सिनेमाचं नाव गावात कुणालाच धड आठवत नव्हतं. तरी मी जिल्ह्याच्या ग्रंथालयाला लिहिलं, सोफियाच्या सिनेमा संग्रहालयाला लिहिलं. असा सिनेमा आमच्या यादीत नाही, असं एक उत्तर आलं. दुसरं आलंच नाही. लोझान दर सोमवारी विचारायचा, "आली का आमची बाई?" आणि मी नाही म्हटलं की माझंच कुणी हरवल्यासारखं माझं सांत्वन करायचा. त्याची कादंबरी मागे पडली. जहाज वादळात होतं तिथंच राहिलं.

फेब्रुवारीत जिल्ह्याच्या ग्रंथालयातल्या मुलीला तो सिनेमा एका निवृत्त शिक्षकाकडे सापडला. त्यानं टीव्हीवरून व्हिडिओ कॅसेटवर उतरवून घेतला होता. त्या मुलीनं डिस्क करून बसच्या ड्रायव्हरकडे दिली. लोझान त्या दिवशी बस थांब्यावर दोन तास आधीपासून उभा होता, दाढी करून, कोट घालून.

मी म्हटलं, संगणकाच्या एवढ्याशा पडद्यावर कशाला, खाली सभागृहात प्रोजेक्टर लावू. त्या सिनेमात सगळं गाव होतं, तर उरलेल्या गावाला बघू दे. माझी हौस. शनिवारी दुपारी अकरा जण आले, घरून उश्या घेऊन, कारण सभागृहाच्या खुर्च्या बर्फासारख्या गार असायच्या. पुढच्या रांगेत लोझान, त्याच्या शेजारी गेनाआजी. ती त्सोनाची जिवाभावाची मैत्रीण. पंचाहत्तरीची, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

सिनेमा सुमार होता. एक इंजिनिअर, एक ट्रॅक्टर चालवणारी मुलगी, पाऊण तास नुसती गव्हाची शेतं. मग चौक आला. आमचा चौक, दोन्ही अक्रोडांसकट, आणि हात धरून गोलात नाचणारी साठेक माणसं.

"ती मी," गेनाआजी म्हणाली. "पाय बघा माझे. हे पाय होते."

"पेत्कोचा बाप. तो गेला."

"शिंपीण. गेली."

"हा कोण? हा पण गेला."

सभागृहात हसणं चाललं होतं, आणि गोल पुढे सरकेल तसं ते कमी होत गेलं. लोझान उभा राहिला होता. "कुठाय?" तो म्हणाला. "गेना, तुझ्या शेजारी कोण आहे?"

गेनाच्या शेजारी पांढऱ्या रुमालातली एक उंच बाई होती. पाय अचूक पडत होते, खांदे ताठ होते, आणि मान पूर्ण उलट्या बाजूला वळवलेली होती. गोल फिरून ती पुन्हा समोर आली. आता मान दुसरीकडे, हनुवटी खांद्याला टेकलेली. तिसऱ्यांदा समोर आली तेव्हा तिनं रुमालाचं टोक दातांत धरलं होतं आणि खाली बघत होती. मग इंजिनिअर आणि ती मुलगी आली. साठ माणसं कॅमेऱ्याकडे बघून हसत होती आणि एकटी ती नव्हती.

मी सिनेमा थांबवला. लोझाननं मागे वळून मला विचारलं, "अशी का नाचतेय ती?"

 उत्तर दिलं ते गेनाआजीनं, खाली मान घालून. "तूच लिहिलं होतंस रे."

"काय लिहिलं होतं?"

"पत्र. कोमीहून. तिला वाचता येत नव्हतं, तुझी सगळी पत्रं मीच वाचून दाखवायचे. 'सिनेमावाले आलेत असं ऐकतो. संघाचा अध्यक्ष सांगेल तर नाच, पण माझ्या बायकोचं तोंड साऱ्या बल्गेरियानं बघितलेलं मला चालणार नाही. दिसलं तर मी आल्यावर घराबाहेर व्हायचं.' असं होतं. मी म्हटलं, बाई गं, तो कुठं आणि हा चौक कुठं, कोण जातंय त्याला सांगायला? तर म्हणते, सिनेमा तिकडंही जात असेल."

"मी असं लिहिलं नाही."

"लिहिलंस, लोझान."

तो खाली बसला.  मला गेनाआजीचा संताप आला. चार महिने मी पत्रं लिहीत होते, आणि या बाईला सगळं माहीत होतं. बाहेर पडताना जिन्यापाशी मी तिला गाठलं.

"आजी, आधी सांगायला तुमच्या तोंडाला काय कुलूप होतं का?"

"मला वाटलं, एखाद्या वेळी विसरून वळली असेल," ती म्हणाली. "नाचताना विसरतं माणूस. सत्तर साली सिनेमा इथं लागला तेव्हा मी फक्त मलाच बघितलं होतं, तिच्याकडे लक्षच नाही गेलं. मी पण आज तेच बघायला आले होते, पोरी."

सोमवारी लोझान आला. नकाशांचं पुस्तक आणि कादंबरी त्यानं टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "एकेक चित्र करून दाखवता येतं का? थांबवून थांबवून?"

येत होतं. त्सोना तीन फेऱ्या मिळून एक मिनिट चाळीस सेकंद दिसते. आम्ही ते चित्र चित्र करून बघितलं. रुमाल. कान. वेणीचं टोक. गालाची कड, तीही अस्पष्ट. पुन्हा रुमाल. कुठंतरी पाय अडखळेल, कुणी हाक मारेल, माशी बसेल, आणि ती अर्धा क्षण वळेल, असं मलाही वाटत होतं. मार्च संपेपर्यंत तो आठवड्याचे तिन्ही दिवस येत होता. मी पुस्तकं पुढे करायचे, कॅसेट लावू का विचारायचे. तो नको म्हणायचा आणि संगणकापुढे बसायचा. माउस कसा धरायचा तेवढं शिकला होता, तेवढंच त्याला पुरत होतं.

एका शुक्रवारी दार बंद करायची वेळ झाली तरी तो उठेना. मी कोट घालून त्याच्यामागे उभी राहिले. पडद्यावर ती तिसऱ्या फेरीला होती, रुमाल दातांत धरलेला.

"काका, पुरे आता. ती नाही वळायची."

"नाही वळायची," तो म्हणाला. "चौतीस वर्षं संसार केला तिनं, माझा शब्द एकदाही मोडला नाही. गावात सांगत फिरायचो मी हे. छाती फुगवून." त्यानं माउस सोडला आणि हात मांडीवर ठेवले. "एकदा तरी माझं ऐकायला नको होतं तिनं."

मी संगणक बंद केला. पडदा काळा झाला तरी तो तिकडंच बघत होता, म्हणून मी कोट काढून पुन्हा बसले.