हरकत नाही, असं कोण म्हणालं?

डहाणूच्या कॉलेजात मी भाषाविज्ञान शिकवते. संभाषण-विश्लेषणाच्या पहिल्याच तासाला पोरं विचारतात, "मॅडम, हे नक्की काय असतं?" पुस्तक म्हणतं, सुटं वाक्य बघू नका, कोण कुणाशी, कुठे बोललं, बोलायची पाळी कुणाची होती आणि कोण गप्प राहिलं, तेही बघा. मी पुस्तक मिटते आणि माझ्या मामाचं सांगते. सांगताना अजून डोकं फिरतं माझं.

तलासरीकडच्या आमच्या पाड्याची एक रीत आहे. जमिनीबद्दल कुणी विचारलं तर जागच्या जागी उत्तर द्यायचं नाही. ऐकून घ्यायचं, संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी वडीलधाऱ्याने सगळ्यांच्या वतीने बोलायचं. आमच्याकडे तो वडीलधारा म्हणजे मामा.

रस्त्यासाठी मामाचं भाताचं शेत हवं होतं. शाळेच्या पडवीत सभा भरली. भूसंपादनाच्या साहेबांनी माइकवरून विचारलं, "कुणाची हरकत?" सगळे गप्प. मी उठून म्हटलं, "साहेब, उत्तर उद्या मिळेल. आमच्यात असंच असतं." ते म्हणाले, "ज्यांची जमीन आहे ते बोलत नाहीत, तुम्हाला कशाला एवढा पुळका?" आणि हरकत नाही असं जाहीर करून गाडीत बसले. जळ्ळं मेलं ते भाषाविज्ञान, एवढ्या एका माणसाला मला समजावता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा धुतलेला सदरा घालून कचेरीत गेला. म्हणाला, "पाड्याचं उत्तर आणलंय. जमीन द्यायची नाही." त्याला ऐकवलं, "मग काल तोंड शिवलं होतं का?" शेत गेलं. आता तिथे मुरूम पसरलाय.

यंदा उरलेल्या तुकड्यासाठी पुन्हा सभा झाली. साहेबांचा नमस्कार पुरा व्हायच्या आत मामा उभा राहिला आणि म्हणाला, "नाही देणार." साहेब माझ्याकडे बघून हसले. "तुमच्या लोकांना बोलायची काही रीतच नाही हो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भरसभेत मी त्यांना असं फैलावर घेतलं की हरकत लिहून घ्यावीच लागली. तुकडा तूर्त वाचला.

मामा मात्र घरापर्यंत मान खाली घालून चालत आला. जेवायला बसेना. विचारलं, तर म्हणाला, "पाड्याला न विचारता बोललो गं मी."

शेत गेलं तेव्हा तो रडला नव्हता. त्या दिवशी रडला.