साफ केलेला आवाज

ये गं, अशी जवळ बस. प्रत्यक्षात येत नाहीस, तर निदान या कागदाजवळ तरी बस. दिवाळी गेली, संक्रांत गेली, फोनवर नुसतं ‘येते आत्या, येते आत्या’. आणि वर मलाच विचारतेस, ‘रुसलीस का गं?’ शहाणीच आहेस. मला विद्यापीठाच्या त्या माध्यम ग्रंथालयात स्वतःच्या कार्डावर बसवलंस, ‘तास करून येते’ म्हणून गेलीस, आणि परत येऊन बघतेस तर खुर्ची रिकामी. आत्या बीडच्या एसटीत. मैत्रिणींसमोर तुला ओशाळल्यासारखं झालं असेल, कळतं मला. पण मी का उठून आले, ते तू धड ऐकूनच घेतलं नाहीस. आता ऐक. मधे बोलायचं नाही.

तुझी आजी, म्हणजे माझी आई, बहात्तरच्या दुष्काळात नालाबांधाच्या सरकारी कामावर खडी फोडायची. तुझे आजोबा लांब कुठल्या सहकारी कारखान्यावर ऊस तोडायला गेलते. तुझा बाप तान्हा, आईच्या पाठीवर असायचा. घरात खायला रेशनची मिलो, ती तांबडी, कुबट वासाची परदेशी ज्वारी. तीही त्या आठवड्यात दुकानात आली नव्हती. आणि कोपऱ्यात एक मडकं. त्यात आमची देशी ज्वारी, बियाण्याची. राखेत घोळलेली, वर कडुनिंबाचा पाला, तोंड शेणामातीनं लिंपलेलं. आम्ही उपाशी झोपलो तरी त्या मडक्याकडं कुणी बघत नव्हतं. ती ज्वारी खायची असते, हेच मुळी आम्हा पोरांना माहीत नव्हतं.

अशात एक दिवस दारात जीप थांबली. सोसायटीचा चेअरमन उतरला आणि त्याच्या मागून विद्यापीठातली एक बाई. खांद्याला पिशवी, हातात पेटीएवढं मशीन, त्यावर दोन चकल्या फिरायच्या. बाई चांगली होती, खोटं कशाला बोलू. आल्या आल्या जमिनीवरच बसली.

चेअरमन म्हणाला, “वहिनी, ह्या बाई जात्यावरच्या ओव्या मशीनमधी भरून नेणार हायेत. गावात गळा म्हंजे तुमचाच. म्हणा.”

आई म्हणाली, “म्हणते की. पण दळू काय?”

“दाणे नसले तरी चालेल मावशी,” बाई म्हणाली, “नुसतं फिरवा.”

“उपाशी जातं फिरवत न्हाईत, बाई. आमच्यात चालत न्हाई.”

“मग जात्याशिवाय म्हणा.”

आई हसली. “अवं, हात फिरल्याबिगर तोंडात येतच न्हाई. कुठून आणू?”

ते खरंच होतं. बांधावर बायका म्हणायच्या, अगं म्हण की एखादी, तर आईला पहिली ओळसुद्धा आठवायची नाही. खुंटा हातात आला, दगड घरघरायला लागला, की मग एकीतून दुसरी अशा ओव्या निघायच्या. जात्यानं सांगायचं आणि तिनं म्हणायचं, असं होतं ते.

चेअरमनची नजर फिरत फिरत मडक्यावर गेली. “त्यात काय हाय?”

“बी हाय.”

“मग दळा की मूठभर! पाव्हण्या लांबून आल्यात. गावाची काय इज्जत राहील? सोसायटीचं बियाणं येणारच हाय, तुमचं मडकं मी भरून देतो. माझी जबान.”

आईनं पदर तोंडाशी धरला. घरात पुरुषमाणूस नाही, दारात चेअरमन उभा, शेजारच्या बायका जमलेल्या. तिनं खुरप्यानं मडक्याचं तोंड फोडलं.

मूठभर कसली गं. आईनं एक ओवी म्हटली की कुत्रं भुंकायचं. “परत एकदा, मावशी.” दुसऱ्यांदा तुझा बाप रडला. “परत एकदा.” मग ड्रायव्हरनं उगाच हॉर्न वाजवला, मग मशीनची फीत संपली. “परत एकदा.” आणि प्रत्येक ‘परत एकदा’ला ओंजळभर बी जात्यात जात होतं. एका हातानं खुंटा, दुसऱ्या हातानं पाठीवरचं पोर, म्हणून दाणे घालायला मला बसवलेलं. ओवी संपली की आई त्याच सुरात म्हणायची, “घाल गं पोरी.” मी दाणे टाकायचे. दाणे पडले की जात्याचा आवाज जाड व्हायचा, पिठाचा व्हायचा, आणि आई पुढची ओवी धरायची. मला वाटलं बाई रागावतील, मधेच ‘घाल गं’ येतंय म्हणून. तर त्या म्हणाल्या, “असू द्या, असू द्या. हेच तर हवंय.”

हे लक्षात ठेव. हेच तर हवंय, असं म्हणाल्या होत्या.

मग ते पीठ काय टाकून द्यायचं? आईनं भाकरी थापल्या. पाहुण्यांना आधी वाढल्या, लसणाच्या चटणीबरोबर. चेअरमननं बोटं चाटत सांगितलं, “बघा बाई, आमच्या देशी ज्वारीची चव!” आमचं पुढच्या सालचं शिवार बसून खाल्लं त्यानं, आणि वर कौतुक केलं. जाताना बाईंनी आईचा हात हातात घेतला. म्हणाल्या, “मावशी, हे विद्यापीठात कायमचं जपून ठेवू. कधीही या, ऐकायला मिळेल.”

पेरणीचे दिवस आले तेव्हा आजोबांनी मडकं हलवून पाहिलं. सोसायटीच्या दारात जाऊन बसले. जबान कुठली आणि काय कुठलं, चेअरमननं ओळख दाखवली नाही. बी आलं ते आधी त्याच्या भावकीत गेलं. आमच्या वाट्याला उशिरा संकरित ज्वारी आली, गुलाबी औषध चोळलेली. तिची ताटं वाढली ती गुडघ्याच्या वर जेमतेम, बैलांना कडबा नाही, आणि भाकरी म्हणशील तर थंड झाली की चामडं. ती आमची ज्वारी परत कधी मिळाली नाही. कुणाकडंच उरली नव्हती म्हणा त्या सालात. पण आमची दुष्काळानं नेली नाही. आमची जात्यात गेली, ‘परत एकदा’त गेली.

आजोबा शेवटपर्यंत त्यावरून आईला टोचायचे. “आमच्या घरी बियाणं खाऊन गाणं झालं,” असं पाहुण्यांना सांगायचे. आई मान खाली घालून ऐकायची. पण तिचं एक उत्तर ठरलेलं होतं. “माझं जातं विद्यापीठात हाय,” म्हणायची. आवाज नाही म्हणायची, जातं म्हणायची. बायका हसायच्या. पुढं गावात गिरणी आली, आईचे गुडघे गेले, जातं भिंतीला उभं राहिलं. तेव्हाही म्हणायची, “घरचं गप झालं, पण तिकडलं चालूच हाय.” तिला वाटायचं, ते तिकडं फिरतंच असतं. एकदा जाऊन ऐकायचं होतं तिला. कोण नेणार? शेत, गुरं, बाळंतपणं, यातच ती गेली.

म्हणून तू जेव्हा फोन केलास, ‘आत्या, आजीची ओवी सापडली गं, कॉम्प्युटरमध्ये आहे’, तेव्हा मी दोन घासही खाल्ले नाहीत. धुतलेलं लुगडं काढलं आणि निघाले.

तुझं ग्रंथालय छान आहे. पुस्तकं कमी, काचाच जास्त. कुणी पोरगा कॅमेरा सही करून नेतोय, कुणी पोरगी काचेच्या खोलीत एकटीच बोलतेय, भिंतीवर पडदा, गार हवा. टेबलावरच्या मुलानं विचारलं, “आजी, तुम्ही कोणत्या विभागाच्या?” मी म्हटलं, “नेकनूरकडची.” हसला बिचारा. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, पदर सारून कानांवर ती फुगीर यंत्रं बसवली. पोरगं वाईट असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

आईचा आवाज आला. एवढा जवळ, की मी मागं वळून बघितलं.

पहिली ओवी झाली. मी वाट बघत होते. आता ‘घाल गं पोरी’ येईल, आता दाणे पडतील, मग तो जाड आवाज. काहीच नाही. एकदम शांत, विहिरीत वाकून बघावं तसं. आणि लगेच दुसरी ओवी. माझी आई कधी अशी गायली नाही गं. अशी कुठल्यातरी रिकाम्या जागी एकटीच उभी राहून गायल्यासारखी. जातं नव्हतं त्यात. मी नव्हते. तुझा बापही नव्हता.

मी यंत्र काढून विचारलं, “जात्याचा आवाज कुठं गेला?”

त्याचा चेहरा खुलला. “आजी, मूळ फितीत नुसती घरघर होती. शब्द कळत नव्हते. आम्ही प्रकल्पात सगळ्या फिती साफ केल्या. मधे मधे कुणीतरी बोलत होतं, लहान मूल रडत होतं, ते पण काढलं. आता बघा किती स्वच्छ आहे.”

“ती घरघर काढून टाकली?”

“हो, तो नको असलेला आवाज होता.”

मी म्हटलं, “मूळ फीत?”

म्हणाला, “आहे की. आत, थंड खोलीत. पण ते वाजवायचं मशीन बंद पडलंय, सुटे भाग मिळत नाहीत. आणि फिती आता एकमेकींना चिकटल्यात.”

“मला बघू दे.”

आत जाता येत नाही म्हणाला, संशोधकांनाच परवानगी आहे. पण मला काचेपाशी घेऊन गेला. आत डबेच डबे, सगळे सारखे. यातला आमचा कुठला, ते त्यालाही सांगता येईना. आतल्या यंत्राचा गारवा काचेतूनसुद्धा हाताला लागत होता. मी निघाले त्या दिवशी आमच्याकडं पाण्याचा टँकर आला नव्हता, ते का कोण जाणे, तिथंच आठवलं.

काय सांगणार होते मी त्याला? की बाबा, तू जे काढून टाकलंस त्याच्यासाठी आम्ही बियाणं दळलं? की नुसता आवाजच पाहिजे असता तर आईनं मडकं फोडलं नसतं? त्यानं अदबीनं विचारलं, “आजी, आवडलं ना?” मी म्हटलं, “आवडलं, बाळा.” आणि पिशवी घेऊन बाहेर पडले. तुझी वाट बघत बसले असते तर तुझ्यापुढं रडले असते, आणि तू म्हणाली असतीस, ‘आत्या, आवाज तरी मिळाला ना!’ तेच तू नंतर फोनवर म्हणालीसच.

आता पुढचं ऐक. तू मोबाइलवर पाठवलंस ते मी बरेच दिवस उघडलं नाही. परवा उघडलं. भिंतीचं जातं मीच आडवं पाडलं, कंबर धरली त्यात. घासून पुसून घेतलं, मोबाइल शेजारी पाटावर ठेवला, ज्वारी घेतली आणि खुंटा धरला. म्हटलं, त्यांनी काढलं तर काढलं, आपण परत घालू.

आई गायला लागली, मी फिरवायला लागले. पहिल्या ओवीला जमलं बघ. तीच घरघर, तीच गती. पण दाणे संपले. ते घालायला मी हात काढला की जातं मंद व्हायचं, आणि आई पुढं निघून जायची. ती आता थांबत नाही ना. तिचं थांबणंच त्यांनी कापलंय. पुन्हा पहिल्यापासून लावलं, पुन्हा तेच. हे एकटीचं काम नाही गं. एकीनं फिरवायचं, एकीनं घालायचं.

म्हणून सांगते, तू माझ्यासमोर बसायचं. ओवी संपली की मी ‘घाल गं पोरी’ म्हणेन, तू दाणे टाकायचे. भरायचं असलं तर तुझ्या त्या मोबाइलमध्ये भर, पण कुत्रं भुंकलं तर भुंकू दे, आणि कुणाच्या हातात साफ करायला देऊ नको. ज्वारी मी निवडून ठेवली आहे. बाजारातलीच आहे, ती जुनी कुठली मिळणार. पण घरातली पोरं येता-जाता तिच्यातच हात घालतात, फार दिवस राहणार नाही. यायचं नसलं तर तसं स्पष्ट सांग, गिरणीत टाकते आणि मोकळी होते. पण तसं म्हणू नको. शनिवारची एसटी धर, नेकनूरच्या फाट्यावर मी उभी राहीन. लवकर ये.