आक्काचा एक सेट

मंगळवार पेठेतल्या आमच्या जिममध्ये वजनं कमी आणि बोलणारी माणसं जास्त. दंड वाढोत न वाढोत, किस्से दर आठवड्याला वाढतात! त्यातले निम्मे एकाच भांडणाचे: सेट एक मारायचा की तीन?

*

ट्रेनर सुहास तीनवाला. दहा-बारा वेळा वजन उचललं की एक सेट, मग दोन मिनिटं विश्रांती, असं तीनदा. भिंतीवर त्यानं हातभर आकडाच रंगवलाय: ३!

मी एकवाला. एकच सेट, पण जीव काढून!

सुहास म्हणतो, "काका, ह्याला जीव काढणं न्हाय, घरला पळणं म्हणत्यात!"

थोडंफार बरोबर होतं त्याचं.

*

औषध दुकानवाले पाटील पक्के तीनवाले. पण विश्रांतीला मोबाईल उघडतात. एकदा बाक अडवून वीस मिनिटं बसले. मी विचारलं, "कितवा सेट, पाटील?"

"अजून पहिल्याचीच रेस्ट चाललीया!"

*

मग आली आक्का. वय अठ्ठावन्न, पेठेतच चार म्हशींचा गोठा. शेणावरून घसरून खांदा दुखावला, तेव्हापासून हात वर जाईना. डॉक्टरांनी हळूहळू व्यायाम करायला सांगितलेलं. मुलगा संजू मात्र म्हशी विकायला निघालेला.

आक्कानं दिवाळीपर्यंत मुदत मागितली. दुधानं भरलेला कॅन तिनं एकटीनं कट्ट्यावर ठेवला, तर म्हशी राहणार!

सुहासनं फॉर्म भरताना विचारलं, "वजन कमी करायचंय का वाढवायचंय?"

"उचलायचंय!"

*

एक सेट झाला की आक्का निघायची.

"आक्का, अजून दोन ऱ्हायलं!"

"बाहेर म्हस बांधलीया. थांबती व्हय ती तुझ्या रेस्टसाठी?"

आम्हाला थाप वाटली. सुहासनं तावातावानं दार उघडलं. खांबाला खरंच म्हैस! अशी काही रेकली की सुहासच दोन पावलं मागं आला.

*

पण आक्काचा एक दिवस चुकला नाही. भर पावसात यायची. हात वर नेताना डोळ्यांत पाणी यायचं, तरी शेवटचा आकडा पुरा करायची. मला माझीच लाज वाटली. त्या आठवड्यापासून मी गुपचूप दुसरा सेट सुरू केला.

पाटील ओरडले, "काका फुटलं!"

*

दिवाळीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही सगळे गोठ्यावर. कॅन काठोकाठ भरलेला. संजू हाताची घडी घालून उभा.

आक्कानं दात आवळले आणि कॅन उचलून कट्ट्यावर ठेवला! दूध हिंदकळलं, पण सांडलं नाही.

संजू खाली बघत म्हणाला, "ऱ्हाऊ देत म्हशी."

आम्ही टाळ्या पिटतोय तोवर आक्कानं कॅन परत खाली घेतला.

सुहास घाबरला. "आक्का, झालं की आता! एकदाच ठरलंतं!"

"ते म्हशींसाठी हुतं," आक्का पदर खोचत म्हणाली. "तुझं दोन ऱ्हायलंय न्हवं? मोज!"